लपवलेल्या अणुद्रव्याचा माग

डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सुमारे नऊ किलो वजनाचा एक जड धातू जप्त केला. भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासणी करून तो युरेनियम असल्याचे सांगितले. मात्र त्यातला विखंडनक्षम भाग बराचसा काढून घेतलेला होता. पुढे मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७.१ किलो युरेनियम पकडले. ते नैसर्गिक युरेनियम निघाले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत कोट्यवधी रुपयांचे आकडे छापून आले आणि शाळाशाळांतून मुलांनी शिक्षकांना एकच प्रश्न विचारला असेल : "सर, यातून बॉम्ब झाला असता का?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे पुढे येईलच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दोन्ही प्रकरणांत पोलिसांना माग लागला तो माणसांकडून मिळालेल्या माहितीमुळे. समजा, अशी माहिती मिळालीच नसती आणि हा धातू भंगाराच्या ट्रकमधून उल्हासनगरहून अंबरनाथ, बदलापूरकडे निघाला असता, तर वाटेत एखाद्या यंत्राला तो ओळखता आला असता का? ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात भंगाराचा व्यापार आहे, रसायनांचे कारखाने आहेत, प्लॅस्टिकचा माल आहे आणि रात्रंदिवस मालवाहतूक आहे. म्हणून आपण आपला विचारप्रयोग इथल्याच एका वजनकाट्यावर करू या. त्यासाठी आधी न्यूट्रॉनची आणि मग न्यूट्रॉन पकडणाऱ्या नव्या घनरूप शोधकांची ओळख करून घ्यावी लागेल.

गॅमा किरण पुरेसे का नाहीत?

किरणोत्सारी पदार्थ शोधण्याची नेहमीची रीत म्हणजे त्यातून निघणारे गॅमा किरण मोजणे. आल्फा कण कागदाने अडतात, बीटा कण पातळ पत्र्याने अडतात, गॅमा किरण मात्र दूरवर पोचतात. म्हणून जगातील अनेक बंदरांवर आणि सीमानाक्यांवर गॅमा मोजणारे दरवाजे उभारलेले आहेत.

या रीतीत दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे खोट्या इशाऱ्यांची. पोटॅशची खते, ग्रॅनाइटच्या लाद्या, चिनी मातीच्या वस्तू, थोरियम असलेली पेट्रोमॅक्सची जाळी यांतूनही थोडेफार गॅमा किरण येतात. नुकतेच किरणोत्सारी औषध घेऊन तपासणी करून आलेला रुग्ण गेला तरी दरवाजा वाजतो. दिवसातून वीस वेळा विनाकारण घंटा वाजू लागली की एकविसाव्या वेळी पहारेकरी तिच्याकडे लक्ष देत नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट यंत्रांनाही लागू पडते.

दुसरी अडचण शिशाची. प्लुटोनियमचे आणि समृद्ध युरेनियमचे बरेचसे गॅमा किरण कमी ऊर्जेचे असतात. युरेनियम-२३५ चा सर्वांत ठळक गॅमा किरण १८६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा आहे. काही मिलिमीटर जाडीचे शिसे तो जवळजवळ गिळून टाकते. लपवणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असतेच.

न्यूट्रॉनचे तसे नाही. त्याच्यावर विद्युतभार नाही. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो कोणाला धक्का न देता निघून जातो. शिशाची पेटी त्याला फारशी अडवू शकत नाही. शिवाय खते, लाद्या, औषधे यांतून न्यूट्रॉन निघत नाहीत. तेव्हा न्यूट्रॉनची घंटा वाजली तर तिच्याकडे गंभीरपणे पाहावे लागते.

न्यूट्रॉन येतात कुठून?

काही जड अणुकेंद्रे बाहेरून कोणी न डिवचताही आपोआप दुभंगतात. त्याला स्वयंस्फूर्त विखंडन म्हणतात. प्रत्येक विखंडनात दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. कोणत्या द्रव्यातून ते किती पडतात, यावर सारे अवलंबून आहे.

प्लुटोनियम-२४० हा समस्थानिक या बाबतीत फार उदार आहे. त्याच्या एका ग्रॅममधून सेकंदाला सुमारे एक हजार न्यूट्रॉन निघतात. शस्त्रांसाठी बनवलेल्या प्लुटोनियममध्ये मुख्यतः प्लुटोनियम-२३९ असते, पण त्यात सुमारे सहा टक्के प्लुटोनियम-२४० मिसळलेले राहते. म्हणजे अशा एक किलो प्लुटोनियममध्ये हे द्रव्य साठ ग्रॅम असणार आणि त्यातून सेकंदाला सुमारे ६०,००० न्यूट्रॉन येणार.

आता युरेनियम पाहा. नैसर्गिक युरेनियमचा ९९.३ टक्के भाग युरेनियम-२३८ असतो. त्याच्या एका किलोतून सेकंदाला अवघे चौदा न्यूट्रॉन निघतात. २०२१ मध्ये सापडलेल्या सात किलोंतून म्हणजे शंभराच्या आसपास. युरेनियम-२३५ तर याहूनही मुका आहे. बॉम्बला पुरेल इतके, म्हणजे पंचवीस किलो अतिसमृद्ध युरेनियम धातुरूपात असले, तरी त्यातून सेकंदाला शंभराहूनही कमी न्यूट्रॉन बाहेर पडतात.

प्लुटोनियम ओरडते आणि युरेनियम कुजबुजते, असे म्हटले तरी चालेल. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचे गणित त्यावरच उभे आहे.

आकाशातून येणारे न्यूट्रॉन

कुजबुज ऐकायची तर खोलीत शांतता हवी. निसर्गात तशी शांतता नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणूंवर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉनांची हलकी झिमझिम सतत पृथ्वीवर पडत असते. समुद्रसपाटीजवळ दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक न्यूट्रॉन पडतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहत असल्याने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आपल्याकडे येणारे विश्वकिरण अधिक अडवते आणि ही संख्या आणखी थोडी कमी होते. उंचीवर मात्र ती वाढते. नेरळहून माथेरानला चढून गेलो तर आठशे मीटरांत ही झिमझिम दीडपटीहून अधिक होते.

पावसाळ्यात आणखी एक गंमत घडते. ओली जमीन न्यूट्रॉनांचा वेग कमी करून त्यांना शोषते, त्यामुळे जमिनीलगतचे न्यूट्रॉन घटतात. शेतातील ओलावा मोजण्यासाठी शास्त्रज्ञ याच गोष्टीचा उपयोग करतात. उल्हास नदीच्या खोऱ्यात मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर घेतलेली पार्श्वभूमीची मोजणी म्हणूनच एकसारखी येणार नाही.

लोखंडाचा तर प्रकारच निराळा. विश्वकिरण जड अणुकेंद्रांवर आदळले की त्यांतून जास्त न्यूट्रॉन उडतात. हा परिणाम प्रथम मोठ्या जहाजांजवळ ध्यानात आल्याने त्याला 'जहाज परिणाम' असे नाव पडले. लोखंडी भंगाराने भरलेल्या ट्रकजवळही तो थोडाफार दिसतो. ट्रकमध्ये अणुद्रव्याचा कण नसताना मोजणी किंचित वाढते.

वजनकाट्यावरचे गणित

आता उल्हासनगरच्या एका वजनकाट्यावर आपण एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा न्यूट्रॉन शोधक बसवला आहे, अशी कल्पना करू. शोधकावर पडणाऱ्या शंभर न्यूट्रॉनांपैकी दहा मोजले जातात असे मानू. पार्श्वभूमी सोयीसाठी दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ०.०१ न्यूट्रॉन धरू. एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर. तेव्हा शोधकावर सेकंदाला शंभर न्यूट्रॉन पडतील आणि दहा मोजले जातील. ट्रक समोरून जायला पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ५० ची मोजणी होईल.

हे ५० दर वेळी नेमके ५० नसतात. यदृच्छेने घडणाऱ्या घटनांची मोजणी तिच्या वर्गमुळाइतकी इकडेतिकडे होते. ५० चे वर्गमूळ साधारण ७. म्हणजे कधी ४३, कधी ५७, क्वचित ६५ सुद्धा. वारंवार खोटी घंटा नको असेल तर आपण इशारा ७ च्या पाचपट वर, म्हणजे ८५ वर लावू.

ट्रकमध्ये, शोधकापासून दोन मीटरवर, एक किलो प्लुटोनियम आहे असे समजा. त्यातून सेकंदाला निघणारे ६०,००० न्यूट्रॉन चोहोकडे पसरतात. दोन मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे पाच लाख चौरस सेंटिमीटर येते. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला ०.१२ न्यूट्रॉन. शोधकावर सेकंदाला १,२००, त्यांतले १२० मोजले जाणार, आणि पाच सेकंदांत ६००. पन्नासाच्या जागी साडेसहाशे! घंटा खणखणीत वाजेल. कोणी प्लुटोनियमभोवती प्लॅस्टिकचे जाड वेष्टन घालून दहातले नऊ न्यूट्रॉन अडवले तरी ५० मध्ये ६० ची भर पडून ११० होतात. इशारा ८५ वर आहे. तरीही घंटा वाजेल.

आता त्याच जागी सात किलो नैसर्गिक युरेनियम ठेवा. शंभर न्यूट्रॉन पाच लाख चौरस सेंटिमीटरवर पसरले. शोधकावर सेकंदाला दोन पडतील आणि मोजले जातील ०.२. पाच सेकंदांत एक! ५० च्या जागी ५१. कोणाच्याही लक्षात येणार नाही.

चौकस विद्यार्थी म्हणेल, "मग ट्रक तासभर उभा करा." करून पाहू. तासाभरात पार्श्वभूमीची मोजणी ३६,००० होईल, तिचे वर्गमूळ सुमारे १९०. युरेनियमची मोजणी ७२०. हे १९० च्या जवळजवळ चौपट, म्हणजे सापडायला हवे! पण ७२० म्हणजे ३६,००० चे दोन टक्के. भंगारातल्या लोखंडामुळे किंवा नुकत्याच पडलेल्या पावसामुळे पार्श्वभूमी दोन टक्क्यांनी सहज हलते. मोजणी कितीही वेळ केली तरी ही शंका मिटत नाही. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ठाण्याचे किंवा मुंबईचे ते युरेनियम रस्त्यावरच्या न्यूट्रॉन शोधकाला सापडले नसते. त्यासाठी जवळून घेतलेली गॅमा मोजणी किंवा क्ष-किरण चित्रण हवे. कारण युरेनियम शिशाहूनही बरेच घन आहे आणि क्ष-किरण चित्रात ते ठळक काळे दिसते.

पकडायचा कसा?

विद्युतभार नसणे हे न्यूट्रॉनचे बळ आहे आणि तीच आपली अडचण. जो शिशाला दाद देत नाही तो शोधकाला तरी का देईल? १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला तोही आडवाटेने. न्यूट्रॉनने पॅराफिन मेणातून उडवलेले प्रोटॉन त्यांनी मोजले होते. आजचे शोधकही दोन पायऱ्यांनी काम करतात.

पहिली पायरी, न्यूट्रॉनला मंद करण्याची. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे दोन कोटी मीटर वेगाने धावतो. इतक्या वेगाने जाणाऱ्याला अणुकेंद्रे सहसा पकडू शकत नाहीत. कॅरम खेळताना स्ट्रायकर बोर्डाच्या काठावर आपटला तर तितक्याच जोराने परत येतो. पण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या स्ट्रायकरवर नीट समोरून आदळला तर जागच्या जागी थांबतो आणि आपला सारा वेग त्याला देऊन टाकतो. न्यूट्रॉनच्या वजनाचा जोडीदार म्हणजे हायड्रोजनचे केंद्र. सरासरी अठरा टकरींत हायड्रोजन त्याला खोलीच्या तापमानाला साजेशा वेगापर्यंत, म्हणजे सेकंदाला २,२०० मीटरपर्यंत, उतरवतो. कार्बनला सुमारे ११५ टकरी लागतात, लोखंडाला पाचशेच्या वर आणि शिशाला जवळजवळ एकोणीसशे. म्हणून शोधकाभोवती काही सेंटिमीटर जाडीचे पॉलिथिन ठेवतात. उल्हासनगरच्या बाजारात ज्या पॉलिथिनच्या पिशव्या मिळतात तोच हा पदार्थ, फक्त जाड ठोकळ्याच्या रूपात.

दुसरी पायरी, मंद न्यूट्रॉनला अशा अणुकेंद्राच्या हवाली करण्याची, की जे त्याला गिळून विद्युतभारित कण बाहेर टाकील. अशी तीन केंद्रे विशेष उपयोगी आहेत : हेलियम-३, लिथियम-६ आणि बोरॉन-१०. बोरॉन-१० ने न्यूट्रॉन गिळला की त्याचे दोन तुकडे होतात, एक आल्फा कण आणि एक लिथियम-७ चे केंद्र. हे दोघे विरुद्ध दिशांना उडतात. बहुतेक वेळा आल्फा कणाला सुमारे १४.७ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते आणि लिथियमला ८.४ लाख. आता भारित कण हाती आला, तो मोजणे आपल्याला जमते.

हेलियम-३ चा दुष्काळ

अनेक वर्षे हे काम हेलियम-३ वायूने भरलेल्या लांब नळ्या उत्तम रीतीने करत आल्या. पण हेलियम-३ निसर्गात जवळजवळ नाहीच. हवेतल्या हेलियमच्या दहा लाख अणूंमध्ये त्याचे एक-दोन अणू असतात. जो मिळतो तो ट्रिटियमच्या ऱ्हासातून, आणि ट्रिटियम साठवले जाते ते मुख्यतः अण्वस्त्रांसाठी. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे. म्हणजे शस्त्रांचे साठे जितके, तितका हा वायू. शीतयुद्धानंतर साठे घटले. उलट ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने आपल्या बंदरांवर न्यूट्रॉन मोजणारे दरवाजे मोठ्या संख्येने बसवायला सुरुवात केली. २००८-०९ च्या सुमारास पुरवठा आणि मागणी यांतील दरी उघड झाली. चोरीचे अणुद्रव्य शोधणारे यंत्र अण्वस्त्रांच्या उत्पादनावर अवलंबून असावे, हा एक विचित्र योगायोग होता.

बोरॉन ट्रायफ्लोराइड हा दुसरा पर्याय जुनाच आहे, पण तो वायू विषारी आणि दाहक आहे. शिवाय कोणतीही वायुनळी मोठी असते, तिला हजाराच्या वर व्होल्टचा दाब लागतो आणि ती धक्क्यांनी बिघडू शकते. खिशात मावेल, पेन्सिलच्या सेलवर चालेल असे उपकरण पोलीस शिपायाच्या हाती द्यायचे तर शोधक घनरूपच हवा.

सिलिकॉनची चकती आणि बदलापूर लोकल

सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. त्यात भारित कण शिरला की दर ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. बोरॉनमधून आलेल्या आल्फा कणाने आपली सारी ऊर्जा दिली तर सुमारे चार लाख इलेक्ट्रॉन सुटतात. हा भार फारच थोडा असतो, पण चांगला विवर्धक तो निश्चित ओळखतो. तेव्हा सिलिकॉन डायोडवर बोरॉन-१० चा थर दिला की शोधक तयार, असे वाटते.

इथे एक पेच आहे. शुद्ध बोरॉन-१० मध्ये मंद न्यूट्रॉन सरासरी वीस मायक्रॉन आत गेल्यावर पकडला जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण त्यातून उडालेला आल्फा कण बोरॉनमध्ये तीन-चार मायक्रॉन जाईपर्यंतच दमून थांबतो. थर जाड दिला तर न्यूट्रॉन पकडले जातात पण आल्फा सिलिकॉनपर्यंत पोचत नाही. थर पातळ दिला तर आल्फा पोचतो पण न्यूट्रॉनच निसटतात.

संध्याकाळच्या बदलापूर लोकलने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे समजवायला नको. दारापाशी उभा असलेला प्रवासी अंबरनाथला उतरू शकतो. मध्ये अडकलेला दारापर्यंत येईतो गाडी सुटते आणि तो बदलापूरला जातो. डबा रुंद केला तर प्रवासी जास्त मावतील, पण उतरणारे काही वाढणार नाहीत.

सपाट थराच्या शोधकाची हीच गत होते. अडीच मायक्रॉनचा थर शंभरातले बारा न्यूट्रॉन पकडतो. दोन तुकड्यांतला एकच सिलिकॉनच्या दिशेला जातो आणि त्यातलेही काही वाटेतच ऊर्जा गमावतात. अखेर शंभरातले चार-पाच न्यूट्रॉनच मोजले जातात.

यावर शोधलेला उपाय मोठा सोपा आहे. डबा रुंद न करता लांब करायचा आणि दोन्ही बाजूंना सलग दारे ठेवायची. सिलिकॉनच्या चकतीत अत्यंत अरुंद आणि खोल चर कोरतात व ते बोरॉनने किंवा लिथियम-६ च्या फ्लोराइडने भरतात. न्यूट्रॉन वरून चराच्या खोलीच्या दिशेने येतो. त्याला पन्नास, शंभर किंवा अधिक मायक्रॉन बोरॉन ओलांडावे लागते, म्हणून तो पकडला जातो. आल्फा कणाला मात्र आडव्या दिशेने एखाद-दोन मायक्रॉन गेले की सिलिकॉनची भिंत लागते. लिथियम-६ चे तुकडे अधिक ऊर्जेचे असतात. त्यातला ट्रिटियमचा कण तर तीस मायक्रॉनांच्या वर जातो. त्यामुळे लिथियमचे चर रुंद ठेवता येतात आणि कोरणे सोपे पडते. अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठ आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा यांनी या वाटेने बरेच काम केले असून अशा शोधकांची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या वर गेली आहे.

दुसरी वाट याहून सरळ आहे. ज्या पदार्थात न्यूट्रॉन पकडला जातो, तोच पदार्थ अर्धवाहक असला तर दारापर्यंत यायची गरजच काय? बोरॉन नायट्राइड हा असा पदार्थ आहे. त्याचे पुरेसे जाड आणि निर्दोष थर वाढवणे अवघड होते, पण गेल्या दशकात त्यात चांगली प्रगती झाली आहे.

भारतातही हे काम चालू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात सिलिकॉन डायोडवर बोरॉनयुक्त थर देऊन शोधक बनवले व तपासले गेले आहेत. जिनिव्हाच्या मोठ्या कणत्वरकावरील सी.एम.एस. प्रयोगासाठी याच केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने सिलिकॉनचे शोधक तयार केले होते. तो अनुभव इथे कामी आला. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-१० फक्त वीस टक्के असतो. तो वेगळा काढण्याचे तंत्रही आपल्या अणुऊर्जा विभागाने द्रुत प्रजनक अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांसाठी विकसित केले आहे.

उन्हाळा, पावसाळा आणि गॅमा

प्रयोगशाळेत चाललेला शोधक रस्त्यावर चालेलच असे नाही. सिलिकॉनमधून थोडा विद्युतप्रवाह आपोआप झिरपत असतो आणि तापमान सात-आठ अंशांनी वाढले की तो दुप्पट होतो. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीतला शोधक बदलापूरच्या एप्रिलमधल्या चाळीस अंशांच्या दुपारी आणला की हा प्रवाह जवळपास चौपट होणार आणि खऱ्या संकेताभोवती गोंगाट वाढणार. पावसाळ्यातील दमट हवा चकतीच्या पृष्ठभागावर गळती निर्माण करते, म्हणून तिचे वेष्टन हवाबंद असावे लागते.

शोधकाने गॅमा किरणांना न्यूट्रॉन समजून चालत नाही. सर्वत्र गॅमा किरणांचीच संख्या मोठी असते. त्यामुळे दहा लाख गॅमा किरणांत एखाद्यानेही फसवू नये, अशी अपेक्षा ठेवतात. सिलिकॉनचा सक्रिय थर पातळ ठेवला तर गॅमा किरण त्यात फारच थोडी ऊर्जा सोडतात आणि ठरावीक मर्यादेखालचे संकेत गाळून टाकता येतात. हा घनरूप शोधकाचा मोठा गुण आहे.

त्याची मोठी उणीव म्हणजे आकार. वजनकाट्यावरचा एक चौरस मीटर सिलिकॉनच्या चकत्यांनी भरणे अजून फार महाग पडते. म्हणून दरवाज्यांसाठी बोरॉनचा लेप दिलेल्या नळ्या आणि लिथियमयुक्त प्रदीप्तक अधिक सोयीचे ठरतात. हातात धरायच्या किंवा कमरेला लावायच्या उपकरणांत मात्र सिलिकॉनची जागा पक्की आहे. मोठा दरवाजा 'या ट्रकमध्ये काहीतरी आहे' एवढेच सांगतो. 'कोणत्या गोणीत आहे' हे जवळ जाऊन छोट्या उपकरणानेच पाहावे लागते. दोन मीटरवरून वीस सेंटिमीटरवर आलो तर व्यस्तवर्गाच्या नियमाने संकेत शंभरपट होतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

मग धोका कशाचा?

आता बॉम्बच्या प्रश्नाकडे वळू. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ अवघे ०.७ टक्के असते. कितीही मोठा ढीग केला तरी त्या नुसत्या धातूत स्फोटाची साखळी सुरू होऊ शकत नाही. ठाण्यात सापडलेल्या द्रव्यात तर तेही कमी होते. असे युरेनियम फार घन असल्याने औद्योगिक रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यांत आणि कर्करोगावरील काही जुन्या यंत्रांत किरण अडवण्यासाठी वापरतात. कोट्यवधींच्या अफवेवर विश्वास ठेवून ते विकू पाहणारा माणूस बहुधा स्वतःच फसलेला असतो. ते बाळगणे हा मात्र गुन्हाच आहे, आणि त्याची पूड श्वासातून किंवा पोटात गेली तर मूत्रपिंडाला अपाय होतो.

आपल्या पट्ट्यातील माणसाला अधिक जवळचा धोका वेगळाच आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात एका भंगार व्यावसायिकाने घेतलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० निघाला. ते यंत्र एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात आले होते. त्या प्रकरणात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेकांना गंभीर इजा झाल्या. कोबाल्ट-६० मधून न्यूट्रॉन निघत नाहीत. जगातील उत्तमातला उत्तम न्यूट्रॉन शोधक तिथे गप्पच बसला असता. साधा गॅमा मापक मात्र लांबूनच ओरडला असता.

म्हणून प्रत्येक यंत्राचा प्रश्न वेगळा असतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे. न्यूट्रॉन शोधक प्लुटोनियमसाठी, गॅमा मापक कोबाल्ट आणि सीझियमसाठी, क्ष-किरण चित्रण जड धातूच्या गोळ्यासाठी. आणि तीन पाकळ्यांचे जांभळे किंवा काळे चिन्ह पिवळ्या पार्श्वभूमीवर दिसले तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना कळवणारा माणूस या तिन्हींच्या आधी हवा. उल्हासनगरच्या भंगार गोदामात काम करणाऱ्या मुलाने शाळेत ते चिन्ह एकदा तरी पाहिलेले असले पाहिजे. त्यासाठी कोणत्याही महागड्या शोधकाची गरज नाही, एक खडू पुरतो.

वर्गात करून पाहा

१. कॅरमच्या बोर्डावर स्ट्रायकरने आधी दुसरा स्ट्रायकर, मग सोंगटी आणि शेवटी बोर्डाचा काठ मारा. प्रत्येक वेळी स्ट्रायकरचा किती वेग उरला याचा अंदाज घ्या. कोणत्या पदार्थाने न्यूट्रॉन लवकर मंदावेल ते ठरवा.

२. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून दर मिनिटाला जाणाऱ्या रिक्षा मोजा. अशी तीस मिनिटे मोजा. सरासरी काढा. मोजणी सरासरीपासून तिच्या वर्गमुळाहून अधिक किती वेळा ढळली? जवळ सिग्नल असेल तर उत्तर का बदलते याचा विचार करा. रिक्षा यदृच्छेने येत नाहीत, न्यूट्रॉन येतात.

३. वजनकाट्याचे गणित शोधकाची कार्यक्षमता ३० टक्के धरून पुन्हा करा. प्लुटोनियमची मोजणी किती झाली? युरेनियमची किती? आणि पार्श्वभूमीची किती? चांगला शोधक मिळाल्याने युरेनियम सापडू लागले का? हे तिसरे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे, शिक्षकांनी आधी सांगू नये.